दीड किलो जोंधळा

दस्तगीर चाचांचं नाव निघालं की आमच्या क्लबात हल्ली एकच वाक्य ऐकू येतं. "हात गेलता म्हाताऱ्याचा, तरी काम सुटत नव्हतं." परवा ग्राउंडबाहेरच्या टपरीवर एका पोरानं हेच मला ऐकवलं. त्या गड्यानं चाचांना उभ्या जन्मात बघितलेलं नाही. मी त्याला नको नको ते बोललो आणि चहा अर्धा ठेवून निघून आलो. वाटेत माझी मलाच लाज वाटली. पोराचा काय दोष? ते वाक्य पहिल्यांदा मीच लिहिलं होतं, क्लबाच्या कागदावर, खाली सही करून, वर शिक्का मारून.

मी शाळेत पी.टी.चा मास्तर होतो. उभं आयुष्य शिट्ट्या फुंकण्यात आणि पोरांवर ओरडण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर रायफल क्लबाचं सेक्रेटरीपण गळ्यात पडलं, आणि त्याच्यासोबत स्पर्धेच्या सकाळी वजन घेऊन टेबलाशी बसायचं काम. हे वजन म्हणजे दीड किलोचा लोखंडी ठोकळा, वर आकडा. नेमबाजानं रिकामी रायफल आणायची, बोल्ट मागंपुढं करून तयार ठेवायची आणि नळी आभाळाकडं करायची. मी ठोकळ्याचा आकडा चापात अडकवायचा आणि रायफल सावकाश वर उचलायची. ठोकळा जमिनीवरून सुटला आणि चाप गप्प राहिला, की पास. 'टक्' वाजलं, की नापास. पोरं त्याला ट्रिगर म्हणतात, चाचा चाप म्हणायचे. नाव काही घ्या, दीड किलोच्या आत चालायचा नाही. मी नियमाचा माणूस. त्या टेबलाशी मी सख्ख्या भाच्यालाही सोडलेलं नाही.

क्लबाकडं सहा जुन्या रायफली होत्या. लष्करानं वापरून, झिजवून, शेवटी काढून टाकलेल्या, मग सरावासाठी आमच्याकडं आलेल्या. लाकूड काळं पडलेलं, पण नळ्या अस्सल. सगळी बोंब चापाची. ओढायला गेलं की आडमुठ्या बैलासारखा, आणि मधेच खरखर. नेम दहाच्या घरात धरावा आणि चाप ओढेपर्यंत नळी सातात जावी. पोरं रडकुंडीला यायची. चाचा मात्र त्या रायफलींची बाजू घ्यायचे.

"आवो सर, ही फौजंची हाय. तितं पोरगं भ्यालं, घामाजलं, पळता पळता पडलं, तरी उडू नये म्हणून चाप जड ठेवत्यात. हिची काय चूक न्हाय. लढाई संपली म्हणून हिला कुणी सांगितलंच न्हाय."

आणि मग ते तिला सांगायला बसायचे. आठ-आठ, दहा-दहा दिवस.

चाचा म्हणजे शिकलगार. त्यांच्या वाडवडलांनी तलवारींना धार लावली, आज्यानं बंदुकी हातात घेतल्या. कोल्हापुरात गंगावेशीच्या मागं एका बोळात खाली दुकान, वर घर. दुकान म्हणजे दोन माणसं बसली तर तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. अंगानं काटकुळे, डोक्याला जाळीची पांढरी टोपी, नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा. "एक लोखंड बघायचा, एक माणूस बघायचा," म्हणायचे. माणूस बघायचा चष्मा बहुतेक कपाळावरच असायचा. गिऱ्हाइकाला ते बंदुकीवरून ओळखायचे. "त्ये न्हवं का, गंजक्या डबल बारचं पावणं?"

दुकानात पाय ठेवला की पहिलं वाक्य ठरलेलं. "आदी उगडा." पोलीस अधिकारी असो, आमदाराचा मेव्हणा असो, बंदूक उघडून आतली रिकामी जागा चाचांना दाखवल्याशिवाय बसायला मिळायचं नाही. एकदा मीच वैतागून म्हटलं, "चाचा, रिकामी आहे हो, मी स्वतः बघितलंय." त्यावर म्हणाले, "रिकामी हाय म्हणूनच मानसं मरत्यात, सर. भरलेल्या बंदुकीला समदी भित्यात." मी गपचूप बोल्ट उघडला.

कामाला बसायच्या आधी हात गरम पाण्यात. मग फडक्यानं एकेक बोट पुसून स्टोव्हच्या आचेवर शेकायचं. डाव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं. चापाच्या आत दोन लोखंडी तुकडे एकमेकांवर अडून बसतात, त्यांची अडायची जागा तिळाएवढी. ती जागा दगडावर तेल सोडून घासायची आणि नख फिरवून बघायची. खरखर लागली की परत घासायची. "डोळा खोटं बोलतोय, नख बोलत न्हाय." पण जपून. दिवसाकाठी दहा-बारा हात मारले तर खूप. मी घाई केली की म्हणायचे, "लोखंड काढता येतंय सर, परत लावता येत न्हाय."

चांगला चाप कसा असावा यावर त्यांचं एक मत होतं आणि ते मी शंभर वेळा ऐकलंय. "पयली पायरी अंगणाची. बोट सरसर आत आलं पायजे. मग उंबरा लागला पायजे. उंबऱ्याशी पाय थबकतोय का न्हाय? तवाच मानूस दम घेतोय, आत जायचं का म्हागारी फिरायचं ते ठरवतोय. फौजंच्या चापात उंबराच सापडत न्हाय, समदा चिखल. मी निस्ता चिखल काढतोय." त्यांनी हात लावलेला चाप मी ओढून बघितलाय. खरंच उंबरा लागायचा. बोट आपोआप थांबायचं.

आणि तोलायला होती ती पिशवी. खाकी कापडाची, चाचींनी हातानं शिवलेली, तोंडाला नाडी, वर तारेचा आकडा. आत बरोबर दीड किलो जोंधळा. दर शुक्रवारी नमाजाला जाता जाता ती पिशवी कोपऱ्यावरच्या बाबूशेटच्या किराणा दुकानात नेऊन तराजूत टाकायची, चार दाणे इकडं तिकडं करायचे आणि आणून खिळ्याला अडकवायची. मी हसायचो. "चाचा, अहो क्लबात लोखंडी ठोकळा आहे, तसा एक आणून देतो की." ते मान हलवायचे. "लोखंड हिसका देतंय. जोंधळा बसतोय. बोट जसं चापावर बसतंय, तसा दाणा दाणा बसतोय." चाप इतका बसवायचा की त्यानं पिशवी तोलून धरायला हवी, आणि वर एक चिमूट दाणे टाकले की सुटायला हवा. चाचांची रायफल माझ्या टेबलावर इतक्या वर्षांत एकदाही वाजली नव्हती. आम्ही पोरांना म्हणायचो, बाबांनो, आमचा ठोकळा चुकेल, पिशवी चुकायची नाही.

हलक्या चापावर त्यांचा भारी राग. एकदा पांढऱ्या गाडीतून एक बडं प्रस्थ उतरलं, मागं चार माणसं. नवी कोरी रायफल काढून म्हणाले, "मिस्त्री, चाप असा करा, फुंकर मारली की उडाली पायजे." चाचांनी चहा मागवला. त्यांचा चहा पिऊन होऊ दिला. मग विचारलं, "पावणं, घरात ल्हान पोरं हायती?" ते खुशीत म्हणाले, "दोन नातू हायत की." चाचांनी रायफल फडक्यात गुंडाळून त्यांच्या मांडीवर ठेवली. "फुंकर तेबी मारत्यात, पावणं." प्रस्थ तणतणत गेलं. चाचा परत दगडाकडं वळले.

खंडेनवमीच्या आधी चार दिवस तर बोळात पाय ठेवायला जागा नसायची. गावभरच्या तलवारी, भाले, बंदुका पुसून घ्यायला लोक यायचे. नवमीला आजूबाजूच्या बायका येऊन चाचांच्या दगडाला आणि कानशींना हळदकुंकू लावून जायच्या, आणि चाचा अवघडून उभे राहायचे, जावयासारखे. वरून चाची चहा पाठवायच्या. आलं ठेचून, वेलदोडा घालून. त्या चहासाठी मी दरवर्षी एक गंजकी कट्यार उगाचच पुसायला न्यायचो.

मग एका वर्षी चहा खारट आला. मी तोंड वाकडं केलं. चाचा कप रिकामा करून म्हणाले, "आज जरा वेगळा झालाय न्हवं?" पुढच्या आठवड्यात परत खारट. त्यांनी परत संपवला.

जुबेदाचाचींचं डोकं असं हळूहळू पुसत गेलं. आधी मीठ-साखर, मग दिवस, मग माणसं. एकदा त्या रंकाळ्यावर सापडल्या, अनवाणी, भेळवाल्याला विचारत होत्या, "कुरुंदवाडची गाडी कुटं लागती? माझी अम्मा वाट बघती." कुरुंदवाड त्यांचं माहेर. अम्मा जाऊन चाळीस वर्षं झालेली. पुण्याहून त्यांचा मुलगा इम्तियाज धावत आला. तो कारखान्यात सुपरवायझर आहे, वाईट पोरगा नाही. माझ्यासमोरच बापाला म्हणाला, "अब्बा, तुम्ही दिवसभर लोखंडात डोकं घालून बसता. खाली बंदुका, वर अम्मी एकटी. मी पुण्यात एक जागा बघून ठेवलीय, तिथं असल्या पेशंटना सांभाळतात. आणखी एकदा जरी अम्मीच्या हातनं काही झालं, तर मी तिला घेऊन जाणार. मग मला अडवायचं नाही."

"आनि मी?" चाचांनी विचारलं.

"तिथं फक्त पेशंट ठेवतात, अब्बा."

त्या दिवशी चाचा पहिल्यांदा माणूस बघायचा चष्मा नाकावर लावून बसले होते. मुलगा गेल्यावर मला म्हणाले, "सर, अडतीस वर्स झाली. ती मला वळकत न्हाय, बरं. मी तिला वळकतोय की. तेवढं पुरं न्हाय का?" मी छताकडं बघत बसलो.

दुसऱ्या दिवसापासून चाची खाली दुकानात. दाराशी पाट, पाटावर त्या, शेजारी डब्यात कण्या. दिवसभर चिमण्यांना टाकायच्या. आणि त्यांच्या पायातल्या तोड्याला चाचांनी काळ्या दोऱ्यानं एक घुंगरू बांधलं. नजर लोखंडावर, कान घुंगरावर. घुंगरू पायरीपाशी वाजलं की हातातलं टाकून उठायचे. चाची रोज विचारायच्या, "मिस्त्री, तुमचं काम किती ऱ्हायलंय? मला घरी सोडता न्हवं?" आणि चाचा रोज म्हणायचे, "ह्यो एवढा चाप झाला की निगू." नवऱ्याला मिस्त्री म्हणणारी बायको आणि रोज निघायचं कबूल करणारा नवरा! लोक हसायचे. मीही एकदोनदा हसलो असेन.

अशात स्नेहलचं प्रकरण आलं. शाहूवाडीकडची पोरगी, बाप बस कंडक्टर. क्लबाच्या चार नंबरच्या म्हातारीवर तिचा हात बसलेला, दुसऱ्या कुठल्या रायफलीवर तिच्या गोळ्या एका जागी पडायच्याच नाहीत. त्या वर्षी आमच्याच ग्राउंडवर भरणाऱ्या राज्य स्पर्धेत पहिल्या तिघांत आली असती तर खेळाडूंच्या जागेतून पोलिसात लागली असती, आणि वयाच्या अटीत तिला ते शेवटचं वर्ष. नेमका चार नंबरचा चाप बिघडला. मधेच अडकायचा, मधेच सुटायचा. ती रायफल घेऊन चाचांसमोर उभी राहिली आणि रडायलाच लागली. "चाचा, ह्या वर्साला न्हाय झालं तर संपलं वो माझं."

"रडू नगंस. आदी उगड," चाचा म्हणाले.

अकरा दिवस ते त्या चापाशी बसले. मी दोनदा जाऊन आलो. डोळे लाल, दाढी वाढलेली. घुंगरू वाजलं की उठायचं, चाचींना पाटावर बसवायचं, परत हात गरम करायचे, परत बसायचं. त्यांचा हात मी तेव्हा जवळून बघितलाय. दगडावर तेल सोडताना थेंब जिथं पाहिजे तिथंच पडायचा.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"सर, क्लबात हाईसा? चाप झालाय. जरा येऊन तुमचा ठोकळा लावून बघू का? दोन शुक्कीरवार झालं, पिशवी बाबूशेटकडं न्हेली न्हाय. हिला सोडून जाता आलं न्हाय."

मी मंडप, खुर्च्या, पाहुण्यांचे हार यात बुडालेला. पन्नास लोक डोक्यावर बसलेले. मी म्हटलं, "अहो चाचा, तुमची पिशवी म्हणजे सरकारमान्य माप! आमच्या ठोकळ्यानं तिला तपासायचं? उद्या सकाळी घेऊन या सरळ."

मग म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणताय तर." आणि ठेवला.

ठोकळा माझ्या मागच्या कपाटात होता. हात लांब केला असता तर लागला असता.

सकाळी चाचा गोधडीत गुंडाळून रायफल घेऊन आले. चाची सोबत, घुंगरू वाजवत. स्नेहलनं चाप ओढून बघितला आणि तिचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! "चाचा, लोणी केलंसा की वो!" माझ्या टेबलाशी आली, नळी वर केली. मी आकडा अडकवला, उचललं.

टक्.

मला वाटलं माझाच हात हिसकला. परत. टक्. तिसऱ्यांदा श्वास रोखून उचललं. टक्. तीनच वेळा संधी असते. मागं रांग उभी, बाहेरगावचे पंच बघत उभे. मी ओठ आवळून 'नापास' लिहिलं.

स्नेहलनं क्लबाची दुसरी रायफल घेतली. पाचवी आली.

दुपारी घरी जाऊन आलेल्या चाचांना संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी तिनं गाठलं. सगळ्यांदेखत ओरडली, "तुमाला जमत न्हवतं तर सांगायचं की वो! माझा जलम घालवला तुम्ही!" चाचा तिच्यापुढं मान खाली घालून उभे राहिले. एका हातात चाचींचा हात. चाची पोरीकडं बघून हसत होत्या.

"माझा हात चुकला, पोरी," एवढंच बोलले.

मी तावातावानं पुढं झालो. "हात चुकला म्हणजे काय चाचा? कापतो का हात? कापत असेल तर आधी नाही सांगायचं?" त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग चाचींकडं बघितलं. "व्हय सर. कापतोय. लिवा तसं."

आणि मी लिहिलं. च्यायला, काय तत्परता! 'वार्धक्यामुळे हाताला कंप असल्याने क्लबाच्या शस्त्रांचे काम यापुढे श्री. दस्तगीर शिकलगार यांचेकडे देण्यात येऊ नये.' एक प्रत त्यांना, एक फाईलला. कोल्हापुरात असली बातमी रांगायची नाही, पळायची. महिन्याभरात खासगी बंदुकाही यायच्या बंद झाल्या. खंडेनवमीला बोळ रिकामा. मीही कट्यार नेली नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

थंडीत जावंच लागलं, चार नंबरची रायफल परत मिळाल्याच्या कागदावर त्यांची सही हवी होती. सकाळची वेळ. चाची पाटावर. दगड, कानशी फडक्याखाली झाकलेल्या. शेजारी खिळ्याला ती खाकी पिशवी. मी चपला काढत होतो आणि चाचींनी बसल्या जागेवरून हात वर केला, नाडीची गाठ एका ओढीत सोडली, मूठभर जोंधळा काढला, गाठ परत होती तशी मारली, आणि दाणे पायरीवर उधळले. चिमण्या वाटच बघत होत्या.

मी एक चप्पल पायात, एक हातात, तसाच उभा राहिलो. चाचा आत दाराला टेकून माझ्याकडं बघत होते.

"चाचा... ही... कधीपासून?"

"बसा, सर."

"अहो बसा काय! तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्याच दुपारी कळलं, टाकीपाशी यायच्या आदी. घरी आलो, ही पाटावर बसली, आनि आत्ता क्येलं तसंच क्येलं. पिशवी घेऊन बाबूशेटकडं पळालो. एक किलो दोनशे ऐंशी. अकरा दिस, अकरा मुठी." ते खाली बसले. "तिनंच शिवलीती पिशवी. समदं इसरली, गाठ तेवढी ध्यानात हाय."

"आणि तुम्हाला हातात घेऊन कळलं नाही? तुम्हाला?"

"रोज हातात असतंय त्ये रोज थोडं थोडं कमी झालं तर कळत न्हाय, सर. हिचंबी तसंच झालं की. मीठ घालाय लागली तवा कळलं."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत? तुमचा हात ठणठणीत आहे! मी आत्ताच्या आत्ता पत्र मागं घेतो, स्नेहलला सांगतो..."

चाचा एवढे चपळ उठले की मी दचकलो. त्यांनी माझा दंड धरला. "न्हाय. शब्द द्या. इम्त्या काय म्हणालाता, तुमच्याम्होरंच न्हवं का? हिच्या हातनं आनि एकदा काय झालं की न्हेनार. हात चुकला म्हणलं तर माझं काम जातंय. हिनं केलं म्हणलं तर ही जाती." मग हळूच म्हणाले, "आनि खोटं कुटं बोललो? कण्यांचा डबा अकरा दिस रिकामा पडलाता. मी भरलाच न्हाय. चापात डोस्कं घालून बसलोतो. ही तरी काय करंल, चिमण्या आल्या की. चूक माझ्याच हातनं झाली."

मी शब्द दिला. काय करणार होतो? सहीचा कागद खिशातच राहिला. निघताना चाचींनी विचारलं, "पावणं, कुरुंदवाडकडं निगालाय का?" मी रस्त्यावर येऊन भिंतीला धरून रडलो, या वयात, दिवसाढवळ्या.

स्नेहलला हे मी फार उशिरा सांगितलं, शब्द पाळण्यात काही अर्थच उरला नाही तेव्हा. ती आता एका दुकानात कपडे विकते. ऐकून तिनं हातातल्या साडीच्या घड्या नीट केल्या. मग म्हणाली, "पर सर, ठोकळा तर तुमच्याच कपाटात हुता की." तिचा आवाज चढलासुद्धा नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

उन्हाळ्यात एका सकाळी बाबूशेटचा फोन आला. "सर, चाचीला न्यायला गाडी आलीया. येताय काय?" मी स्लिपरवर तसाच पळालो.

बोळाच्या तोंडाशी गाडी. इम्तियाज पिशव्या भरत होता, डोळे सुजलेले. मला बघून त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. लांबूनच मी माझा शिक्का ओळखला.

"सर, हे तुम्हीच लिहिलंय ना? अब्बांच्या खोक्यात सापडलं. हात कापतो म्हणून. मला एका शब्दानं बोलले नाहीत ते. कापत्या हातानं अम्मीला घास कोण भरवणार? गोळ्या कोण मोजणार? दुकान बंद, काम बंद. कशाच्या भरवशावर ठेवू मी तिला इथं?"

"इम्तियाज, ते... ते चुकून लिहिलंय. हात चांगला आहे त्यांचा."

"मग गावभर बोलतात त्या पोरीची रायफल कशानं नापास झाली?"

मी चाचांकडं बघितलं. ते पायरीवर उभे होते, त्यांनी मान हलवली. अगदी थोडी. बोललो तर चाची जाणार, गप्प बसलो तर चाची जाणार! दोन्हीकडून दार मीच लावून ठेवलं होतं. मी उघडलेलं तोंड मिटलं. छत्तीस वर्षं पोरांवर ओरडलेला मी.

चाची मागच्या सीटवर बसल्या होत्या, नवी ओढणी घेऊन, खुशीत. "मिस्त्री, मी कुरुंदवाडला चालले. झालं का तुमचं काम?"

"व्हय," चाचा म्हणाले. "झालं."

त्यांनी खिळ्यावरची पिशवी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. भरलेली होती, आदल्या दिवशी शुक्रवार होता. मग गाडीच्या दाराशी गुडघे टेकले. "घुंगरू काडतो. वाटंत वाजत ऱ्हाईल, डायव्हरला तरास." दोन्ही चष्मे त्यांनी कपाळावर सरकवले. तोड्याभोवतीचा काळा दोरा कित्येक महिन्यांच्या घामानं आणि धुळीनं घट्ट बसलेला, गाठ तिळाएवढी. इम्तियाज म्हणाला, "अब्बा, राहू द्या, मी कात्रीनं कापतो, तुमच्यानं..." चाचांनी ऐकलं नाही. डाव्या अंगठ्याचं नख गाठीत घातलं, चिमटीत दोरा धरला, आणि एका ओढीत गाठ उकलली. चाचींच्या पायाला धक्कासुद्धा लागला नाही, की घुंगरू वाजलं नाही.

मी दोन हात अंतरावर उभा होतो. मी बघितलं, इम्तियाजनंही बघितलं. हात तसूभर हलत नव्हता.

इम्तियाजच्या हातातला कागद तसाच राहिला. तो बापाकडं बघत होता आणि ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती. चाचांनी घुंगरू मुठीत धरलं आणि दुसऱ्या हातानं गाडीचं दार हळूच लावलं.